ग्रीसमध्ये ‘ने’ म्हणजे हो, सीमेपलीकडे ‘ने’ म्हणजे नाही

बल्गेरियाची राजधानी सोफिया. तिथून दक्षिणेला निघालेला रस्ता कुलाता या गावापाशी देशाची हद्द ओलांडतो, ग्रीसमध्ये शिरतो आणि थेसालोनिकीकडे जातो. नाक्याच्या अलीकडे कुणी ‘ने’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘नाही’. नाक्याच्या पलीकडे ‘ने’ म्हटलं तर ‘हो’. उच्चार जवळजवळ तोच, अर्थ मात्र पूर्ण उलटा.

एवढ्यावर भागत नाही. ग्रीसच्या जमिनीवरच्या सीमा आणखी तीन देशांना लागतात. उत्तर मॅसिडोनियात बल्गेरियासारखंच ‘ने’ म्हणजे ‘नाही’. पूर्वेला मारित्सा नदीपलीकडे तुर्कस्तान लागतं, तिथे ‘ने?’ म्हणजे ‘काय?’. आणि वायव्येला अल्बानियात ‘ने’ म्हणजे ‘आम्ही’. एका छोट्या देशाभोवती फेरी मारली तर एकच अक्षर हो, नाही, काय आणि आम्ही असे चार अर्थ सांगून जातं. (त्यात बल्गेरियाची जुनी रीत अशी की ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवायची आणि ‘नाही’ म्हणताना वर करायची. त्यामुळे परक्याला कानांचाही आधार नाही आणि डोळ्यांचाही नाही.)

हे कसं होतं? एकच आवाज इतक्या ठिकाणी इतके वेगळे अर्थ का वाहतो? ‘ने’ हे अक्षर मी मुद्दाम निवडलं आहे, कारण ते मराठीच्या अगदी रोजच्या वापरातलं आहे, आणि या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या बाजू त्या एका अक्षरात सापडतात.

पहिली गोष्ट सरळ आहे. आवाजाला स्वतःचा अर्थ नसतो. ‘पाणी’ या शब्दात ओलं असं काही नाही. तमिळ माणूस त्यालाच ‘तण्णी’ म्हणतो आणि त्याचीही तहान भागते. स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्युर यांनी हाच मुद्दा आधुनिक भाषाशास्त्राच्या पायाशी ठेवला. त्यांची व्याख्यानं त्यांच्या निधनानंतर १९१६ साली पुस्तकरूपाने आली. शब्द आणि अर्थ यांची गाठ त्या त्या समाजाने मारलेली असते. ‘खळखळ’, ‘टिकटिक’ यांसारखे आवाजाची नक्कल करणारे शब्द सोडले, तर कोणत्या आवाजाला कोणता अर्थ जोडायचा याचं कारण त्या आवाजात शोधून सापडत नाही.

पण एवढ्याने ‘ने’चं कोडं सुटत नाही. लांब शब्दांच्या बाबतीत अशी धडक क्वचितच होते. ‘समजूतदारपणा’ हा शब्द जसाच्या तसा तुर्की भाषेत भलत्या अर्थाने सापडणार नाही. धडका होतात त्या एका अक्षराच्या शब्दांत, आणि त्याला दोन कारणं आहेत.

एक म्हणजे कच्चा माल कमी. जीभ वरच्या दातांमागे टेकवून श्वास नाकातून सोडला की ‘न’ होतो. इतका सोपा आवाज जगातल्या बहुतेक भाषांत आहेच. ‘ए’सारखा स्वरही पुष्कळ भाषांत आढळतो. जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत आणि त्यांतल्या असंख्य भाषांपाशी ‘न’ आणि ‘ए’ तयारच आहेत. हे दोन आवाज जोडून झालेलं अक्षर भाषा सहसा रिकामं पडू देत नाहीत. जपानीत एकूण ध्वनी-अक्षरं शंभरच्या आसपास. त्यांतूनच हजारो शब्द उभे करायचे म्हटल्यावर एकेका अक्षराला अनेक ओझी वाहावी लागतात. जपानीत ‘ने’ म्हणजे झाडाचं मूळ, ‘ने’ म्हणजे आवाज, ‘ने’ म्हणजे किंमतही. लिहिताना प्रत्येकाचं चिन्ह वेगळं असतं, बोलताना संदर्भावर विसंबायचं.

दुसरं कारण झीज. जो शब्द सतत तोंडात असतो तो आखूड होत जातो. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज किंग्जली झिफ यांनी १९३०च्या दशकात शब्दांची मोजदाद करून दाखवलं की जास्त वापरले जाणारे शब्द साधारणपणे लांबीने लहान असतात. आपण ‘काय आहे’ म्हणायला लागतो आणि तोंडातून ‘काये’ बाहेर पडतं, तसंच हे. आता कुठल्याही भाषेत सर्वांत जास्त वापरलं जाणारं काय असतं? हो, नाही, काय, मी, आम्ही, आणि नामांना चिकटणारे प्रत्यय. ग्रीसभोवतीची यादी पुन्हा पाहा: हो, नाही, काय, आम्ही. अपघाताने निवडलेले चार अर्थ नाहीत हे. झिजून एका अक्षराएवढे होण्याची पात्रता ज्यांच्यात आहे, नेमके तेच अर्थ तिथे भेटतात.

आता आपल्या घरातला ‘ने’ पाहू.

‘आईने सुरीने घाईघाईने भाजी चिरली.’ या एका वाक्यात ‘ने’ तीनदा आला आणि तिन्ही वेळा वेगळं काम करून गेला. आईला लागला तेव्हा त्याने काम करणारी कोण ते सांगितलं. सुरीला लागला तेव्हा साधन सांगितलं. घाईला लागला तेव्हा रीत सांगितली. शिवाय ‘तापाने फणफणला’ यात तो कारण सांगतो, ‘या रस्त्याने जा’ यात वाट सांगतो. शाळेत याला तृतीया विभक्तीचा प्रत्यय म्हणून पाठ करून घेतात आणि तिथेच सोडून देतात. मला वाटतं तिथे फार मोठी संधी हुकते, कारण हा प्रत्यय म्हणजे मराठी वाक्याचा कणा कसा चालतो हे दाखवणारी उत्तम खिडकी आहे. चालू काळात आई ‘आई भाजी चिरते’ अशी ‘ने’शिवाय येते, भूतकाळात तिला ‘ने’ लागतो, आणि क्रियापद आईला सोडून भाजीच्या मागे जातं: आईने भाजी चिरली, आईने कांदा चिरला. आणि ‘मी’ व ‘तू’ यांना मात्र ‘ने’ लागतच नाही. ‘त्याने पाहिलं’, पण ‘मी पाहिलं’. जुन्या मराठीत तिथेही ‘म्यां’, ‘त्वां’ अशी खास रूपं होती. ती गळून पडली. हिंदीत ‘मैंने’ आहे, म्हणून हिंदीभाषक मराठी शिकताना ‘मीने’ म्हणून अडखळतो.

याखेरीज मराठीत दुसरा ‘ने’ आहे, आणि तो पहिल्याचा कुणीही लागत नाही. ‘हा डबा घरी ने.’ हे ‘नेणे’ या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. संस्कृत ‘नी’ धातूपासून आलेलं, ज्यातून ‘नेता’ही आला. ‘दादाने सांगितलं, गाडीने ने’ या वाक्यात तीन ‘ने’ आहेत आणि कोणाही मराठी माणसाला क्षणभरही गोंधळ होत नाही. नामाला चिकटून आला तर प्रत्यय, वाक्याच्या शेवटी सुटा आला तर क्रियापद. अर्थ ठरतो तो जागेवरून आणि शेजाऱ्यांवरून. ‘ने’ या अक्षराला सुटं पकडून ‘तुझा अर्थ काय?’ असं विचारणंच चुकीचं आहे.

प्रत्यय ‘ने’ आला कुठून, ही गोष्ट मोठी रंगतदार आहे. संस्कृतात ‘देवेन’ म्हणजे देवाने. त्याचं झिजून जुन्या मराठीत ‘देवें’ झालं. पसायदानाची पहिलीच ओळ आठवा: ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें’. देवें म्हणजे देवाने, वाग्यज्ञें म्हणजे वाग्यज्ञाने. एक कर्ता, एक साधन, दोघांनाही तोच ‘एं’. म्हणजे ‘आईने सुरीने’ची जोडी तेराव्या शतकातही होतीच, फक्त प्रत्यय वेगळ्या रूपात होता.

मग ‘देवें’चं ‘देवाने’ कसं झालं? इथे भाषाभ्यासकांची मतं फुटतात. सोपं उत्तर असं की संस्कृत ‘-एन’ हाच फिरून ‘ने’ झाला. अडचण उघड आहे: ‘एन’मध्ये ए आधी आणि न नंतर, ‘ने’मध्ये उलट. आणि ‘-एन’चं ‘-एं’ होऊन तो झिजलेला तर आपण आत्ताच पाहिला. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ‘ने’ हा मुळात एखाद्या स्वतंत्र शब्दाचा उरलेला तुकडा असावा.

तो शब्द कोणता, याचा एक अंदाज आपल्याला गुजरातेच्या दिशेने नेतो. तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात मराठी आणि गुजराती एकमेकींत मिसळतात. तिथे हे वाक्य ऐका: ‘राजुए रामने मार्यो.’ मराठी किंवा हिंदी कान म्हणेल, रामने मारलं. पण गुजरातीत मार खाल्ला तो रामाने! मारणारा राजू, त्याला गुजरातीत ‘ए’ लागतो. आणि ‘रामने’ म्हणजे ‘रामाला’. ‘मने आपो’ म्हणजे ‘मला द्या’. मराठी-हिंदीत जो प्रत्यय काम करणाऱ्याला लागतो, तोच आवाज गुजरातीत काम सोसणाऱ्याला लागतो.

हा निव्वळ योगायोग नसावा, असं मानायला जागा आहे ती हरियाणवीमुळे. तिथे ‘मन्नै रोटी खाई’ म्हणजे मी भाकरी खाल्ली, आणि ‘मन्नै रोटी दे’ म्हणजे मला भाकरी दे. एकाच बोलीत एकच प्रत्यय दोन्ही कामं करतो. लुइजी पिओ तेस्सितोरी नावाचा इटालियन विद्वान राजस्थानात येऊन जुन्या राजस्थानीचा अभ्यास करत होता; १९१९ साली बिकानेरमध्ये अगदी तरुण वयात तो वारला. त्याने या ‘ने’चं मूळ ‘कर्ण’ या शब्दाशी जोडलं. कानाशी, म्हणजे जवळ. ‘कर्णे’चं घसरत घसरत ‘कने’, आणि त्यातला ‘क’ गळून ‘ने’. ‘कने’ आजही जिवंत आहे. मराठवाड्यात दखनी बोलणारा माणूस ‘मेरे कने नहीं है’ म्हणतो, म्हणजे माझ्याजवळ नाही.

‘जवळ’ या अर्थाचा शब्द एकीकडे ‘ला’ आणि दुसरीकडे ‘काम करणारा’ कसा होईल? याला मराठीतच उत्तम उदाहरण आहे, आणि ते रोज आपल्या तोंडात असूनही लक्षात येत नाही. ‘कड’ म्हणजे बाजू. ‘पैसे राजूकडे दे’ म्हटलं की राजू घेणारा झाला. ‘राजूकडून चूक झाली’ म्हटलं की राजू करणारा झाला. एकाच ‘कड’ची दोन टोकं. ‘ने’चंही असंच झालं असेल, तर गुजरातीतला आणि हिंदीतला ‘ने’ एका मुळाचे असून उलट कामाला लागले आहेत.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. इंटरनेटवर अशा शब्दांच्या याद्या फिरतात त्या रोमन लिपीत. त्यांत फ्रेंच आणि चिनी ‘ने’ही घातलेले असतात. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग तेच, पण उच्चार ‘न’च्या जवळचा. चिनीत तो प्रश्न उलट विचारायला येतो: ‘मी बरा आहे, आणि तू?’ यातल्या ‘आणि तू?’ला चिनी माणूस ‘नी न?’ म्हणतो. फ्रेंचमध्ये तो नकाराचा शब्द आहे, आणि सध्या तो डोळ्यांसमोर नाहीसा होतो आहे. जुन्या फ्रेंचमध्ये एकटा ‘न’ नकाराला पुरत असे. मग जोर यायला पुढे ‘पा’ म्हणजे पाऊल जोडू लागले: एक पाऊलही चालत नाही. आपण ‘कणभरही नाही’, ‘काडीचाही नाही’ म्हणतो ना, तसं. हळूहळू ‘पा’ सगळ्याच नकारांना लागू लागला, पावलाचा अर्थ विसरला गेला, आणि आज बोलताना फ्रेंच माणूस ‘न’ गाळून नुसत्या ‘पा’वर नकार देतो. पाऊल या अर्थाचा शब्द ‘नाही’ होऊन बसला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओट्टो येस्पर्सन यांनी १९१७ साली हे चक्र अनेक भाषांतून दाखवून दिलं. यादी वाचण्याआधी उच्चार ऐकावा, एवढंच माझं सांगणं.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बल्गेरियन ‘ने’ म्हणजे नाही, मराठीत ‘न’ म्हणजे नाही. हे एकाच घरातले की योगायोगाने सारखे? आणि मराठीचा ‘ने’ प्रत्यय, तो बल्गेरियन ‘ने’सारखा हुबेहूब ऐकू येतो, त्याचं काय?

बहुतेकांचा समज असा असतो की शब्द जितके सारखे तितकं नातं जवळचं. भाषाशास्त्र नेमकं उलट वागतं. ते सारखेपणावर विश्वास ठेवत नाही. ते नियमित फरक शोधतं. लॅटिन आणि संस्कृत यांचे शब्द शेजारी ठेवून पाहा. सात म्हणजे लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’, संस्कृतात ‘सप्त’. दहा म्हणजे ‘देकेम’, आणि ‘दश’. घोडा म्हणजे ‘एक्वुस’, आणि ‘अश्व’. आहे म्हणजे ‘एस्ट’, आणि ‘अस्ति’. जिथे लॅटिनमध्ये ए, तिथे संस्कृतात अ. पुन्हा पुन्हा, न चुकता. असा शिस्तीतला फरक योगायोगाने पडत नाही. दोन्ही भाषा एका जुन्या भाषेतून निघाल्या आणि संस्कृतच्या वाटेवर जुना ए बदलून अ झाला.

कुणी विचारेल, ए आधीचा कशावरून? अ आधीचा असून लॅटिनने तो बदलला नसेल कशावरून? याचं उत्तर १८७०च्या दशकात सापडलं आणि ते मला भाषेच्या अभ्यासातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं. पुरावा आहे संस्कृतातल्या ‘च’मध्ये. ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत ‘च’ आणि लॅटिन ‘क्वे’ हे एकच. क हा आवाज ए किंवा इ यांच्या आधी आला की जीभ पुढे सरकते आणि क चा च होऊ लागतो. कितीतरी भाषांत हे घडलं आहे. अ च्या आधी असं होण्याचं कारण नाही. म्हणजे संस्कृतच्या पूर्वजांनी क चा च केला तेव्हा पुढे ए होता. नंतर तो ए बदलून अ झाला, पण त्याने घडवलेला ‘च’ मागे उरला. ‘पंच’ आणि लॅटिन ‘क्विंक्वे’ यांचीही तीच कथा.

आता हा नियम ‘ने’ला लावा. बाहेर ए असेल तर संस्कृतात अ असला पाहिजे. बल्गेरियन ‘ने’, लिथुएनियन ‘ने’, लॅटिन ‘ने’, जुन्या इंग्रजीतला ‘ने’ (ज्यातून नो, नॉट, नेव्हर, नन हे सगळे आले), आणि संस्कृत ‘न’. नातं पक्कं. आपला ‘न’ वेगळा ऐकू येतो म्हणूनच तो त्यांचा आहे. आणि आपला ‘ने’ प्रत्यय हुबेहूब ऐकू येऊनही त्यांचा कुणी नाही.

ग्रीसभोवतीच्या इतरांनाही हीच चाळण लावता येते. तुर्की वेगळ्याच भाषाकुळातली, तिच्या ‘काय?’चा आपल्याशी काही संबंध नाही. ग्रीक मात्र आपल्याच कुळातली, पण तिने नकाराचा जुना ‘ने’ फार पूर्वीच टाकून दिला आणि दुसरा शब्द घेतला. आजच्या ग्रीकमध्ये नाही म्हणायला ‘ओही’ आहे. २८ ऑक्टोबर १९४० रोजी मुसोलिनीची मागणी ग्रीसने धुडकावली, तो दिवस आजही तिथे ‘ओही’चा दिवस म्हणून पाळतात. हो या अर्थाचा ‘ने’ हा निराळाच शब्द. प्राचीन ग्रीकमध्ये तो ‘नाइ’ असा होता, म्हणजे ‘खरोखर’. पुढे ‘आइ’चा उच्चार ‘ए’ झाला, पण ग्रीक लोक आजही तो ‘नाइ’च्याच अक्षरांनी लिहितात. म्हणून ‘नाही’चं उलटून ‘हो’ झालं असं काही घडलेलं नाही. दोन वेगळे शब्द झिजत एकाच आवाजाशी येऊन थांबले.

आणि अल्बानियन ‘ने’, म्हणजे आम्ही? तो आपला नातेवाईक आहे. गायत्री मंत्रात ‘धियो यो नः प्रचोदयात्’ आहे. त्यातला ‘नः’ म्हणजे आमच्या. लॅटिनमध्ये आम्ही म्हणजे ‘नोस’. ‘नः’, ‘नोस’ आणि अल्बानियन ‘ने’ एका मुळाचे.

मराठीत एका जागी मात्र त्या प्राचीन नकाराला खुद्द ‘ने’चं रूप मिळालं आहे. नेणता. जाणता आणि नेणता, जाणीव आणि नेणीव. अभंगांत ‘नेणें’ पावलोपावली भेटतो, आणि त्याचा अर्थ ‘घेऊन जाणे’ असा लावला तर ओळच कळत नाही. तो ‘न जाणे’चा आक्रसलेला शब्द आहे: मला ठाऊक नाही. लॅटिनने हाच शब्द आपल्या मालमसाल्यातून घडवला. नकाराचा ‘ने’ आणि जाणण्याचं क्रियापद जोडून तिथे ‘नेस्कियुस’ झाला, म्हणजे अजाण. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, आधी मूर्ख, मग लाजाळू, मग नाजूक, मग गोड असे अर्थ बदलत गेला, आणि आज आपण उठताबसता म्हणतो तो ‘नाइस’ झाला. ‘नाइस’ आणि ‘नेणता’ यांची बांधणी एकच आहे.

‘ने’चा आणखी एक अवतार राहिला, आणि तो मला सर्वांत माणुसकीचा वाटतो. जपानी माणूस थंडीत शेजाऱ्याला भेटला की म्हणतो, ‘सामुई देसु ने’. आपण म्हणतो, ‘थंडी आहे ना आज!’ हा ‘ने’ काही माहिती देत नाही. तो समोरच्याला सोबत घेतो. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना ‘ने’ आणि ‘यो’ यांतला फरक पहिल्या काही महिन्यांतच शिकावा लागतो. दोघंही तोच पदार्थ खात असतील तर ‘ओइशी देसु ने’, छान आहे ना. समोरच्याने अजून चाखलाच नसेल तर ‘ओइशी देसु यो’, छान आहे बरं का. ‘यो’ सांगतो, ‘ने’ विचारल्यासारखा करून वाटून घेतो. मराठी विद्यार्थ्याला हे चटकन कळतं, कारण ‘ना’ आणि ‘बरं का’ यांतला फरक तो न शिकताच पाळत आलेला असतो.

गुजरातीतही वाक्याच्या शेवटी असाच ‘ने’ येतो: ‘आवशो ने?’ म्हणजे याल ना? आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही तसाच ‘ने?’ आहे. तिथे तो ‘नाऊं ए?’, म्हणजे ‘नाही आहे?’, याचा आखूड उच्चार. गोव्यातला माणूस ‘खरें न्हय?’ म्हणतो त्याची रचना हीच. गंमत अशी की १९०८ साली कासातो मारू हे जहाज जपानी स्थलांतरितांची पहिली मोठी तुकडी घेऊन ब्राझीलच्या सांतोस बंदरात लागलं, आणि पुढे जपानबाहेरचा सर्वांत मोठा जपानी वंशाचा समाज तिथे वसला. साओ पाउलोच्या लिबेर्दाद भागात आजी जपानीत ‘ने’ म्हणे आणि नात पोर्तुगीजमध्ये ‘ने’ म्हणे, दोघींचा सूर तोच, काम तेच. तरीही हे दोन शब्द स्वतंत्रपणे जन्मलेले आहेत. नियमित फरकाची कसोटी इथे लावायला काही मिळत नाही. पोर्तुगीज ‘ने’ची बांधणी पोर्तुगीजमध्येच उघड दिसते आणि जपानीला तो कुणाकडून घेण्याची गरजच नव्हती.

शेवटी कोरियन, कारण मराठी घरांत सध्या कोरियन मालिका भरपूर पाहिल्या जातात, आणि रांजणगावच्या कारखान्यांत कोरियन लोकांसोबत काम करणारेही आहेत. तिथे ‘ने’ म्हणजे हो. शब्दाच्या सुरुवातीचा न कोरियन लोक नाकातून इतका कमी सोडतात की आपल्या कानाला कित्येकदा ‘दे’ ऐकू येतं. कुणी काही मागत नसतो. तो नुसता ‘हो’ म्हणत असतो. आणि हा ‘हो’ इंग्रजीच्या ‘येस’सारखा वागत नाही. ‘आन गायो?’ म्हणजे जात नाही का? त्यावर ‘ने’ असं उत्तर आलं तर अर्थ होतो: बरोबर, जात नाही. इंग्रजी माणूस तिथे ‘नो’ म्हणेल. आपण मात्र ‘हो, नाही जात’ असं अगदी सहज म्हणतो, म्हणून आपल्याला याचं विशेष वाटत नाही.

कोरियनमध्ये ‘चार’लाही, मोजायच्या वस्तूच्या आधी, ‘ने’च म्हणतात, चार वाजले म्हणजे ‘ने शी’. हो आणि चार यांची गल्लत होत नाही, त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. खरी अडचण दुसरीकडे आली. ‘माझं’ आणि ‘तुझं’ यांसाठी कोरियनमध्ये दोन अक्षरं आहेत. पूर्वी त्यांतले स्वर वेगळे होते, आपल्या ‘नॅ’ आणि ‘ने’सारखे. गेल्या काही पिढ्यांत सोलच्या बोलीत हे दोन स्वर एकमेकांत मिसळून गेले. दोन्ही शब्द ‘ने’ झाले, आणि दोन्ही एकाच जागी येणारे: ‘ने’ मोबाइल, माझा की तुझा? संदर्भाने सुटणार नाही अशी ही धडक होती. मग बोलणाऱ्यांनी कुठल्याही समितीची वाट न पाहता ‘तुझं’साठी ‘नी’ म्हणायला सुरुवात केली. आज लिहिताना ‘तुझं’चं जुनं अक्षरच प्रमाण मानलं जातं, आणि बोलताना, मालिकांत, गाण्यांत ‘नी’ ऐकू येतं.